वणवा नव्हे, पेटवलेला माळ: कॅन्ससमधले सहा दिवस

पहिला दिवस

कॅन्सस सिटीहून गाडी पश्चिमेला निघाली आणि दीडेक तासाने जमीन हलके हलके उचलू लागली. तोवर सगळं सपाट होतं. लेक गाडी चालवत होती, मी खिडकीतून बघत होते. टोपेका मागे पडलं आणि समोर क्षितिजावर धुराचे तीन खांब दिसले. एक जवळ, दोन लांब. बुडाशी पांढुरके, वर तपकिरी.

"अगं, वणवा लागलाय!" मी सीटमधून पुढेच झाले.

"वणवा नाही आई, पेटवलंय. एप्रिल आहे ना."

ती हे इतक्या सहज बोलली की पुढे काय विचारावं ते मला सुचेना. माझ्या मनात आगीची एक जागा कायमची ठरलेली आहे. बार्शीजवळ मामाच्या गावी, मी आठ-नऊ वर्षांची असताना, उन्हाळ्यात कुणीतरी माळ पेटवला. पावसाआधी जुनं गवत जाळलं की नवं जोमाने येतं, असं सगळेच म्हणत. दुपारी वारा फिरला. खळ्याकडच्या कडब्याच्या दोन गंजी गेल्या, दावणीला बांधलेली एक शेळी गेली. मामी रात्रभर रडत होती. पुढे मी वनस्पतिशास्त्र शिकले, तीस वर्षं महाविद्यालयात शिकवलं, पण गवताला लागलेली आग म्हटलं की मला ती दावणच आठवते.

आणि माझीच मुलगी इथे, कॅन्सस स्टेट विद्यापीठाच्या एका प्रकल्पावर, गवताच्या मुळांवर काम करते आणि वसंतात माळ पेटवणाऱ्या चमूत असते. हे तिने फोनवर वर्षभर सांगितलं नव्हतं. तिकीट काढल्यावर सांगितलं.

संध्याकाळी मॅनहॅटनला पोचलो. हे न्यूयॉर्कमधलं मॅनहॅटन नव्हे. चुनखडी दगडाच्या इमारतींचं, झाडीचं, विद्यापीठाभोवती वाढलेलं गाव. जावयांनी पिठलं-भात करून ठेवला होता. जेवताना घरभर धुराचा बारीक वास होता. इथे एप्रिलमध्ये तो असतोच म्हणे.

दुसरा दिवस

सकाळी कॉन्झा. गावाच्या दक्षिणेला, पंधरा मिनिटांवर. पूर्ण नाव कॉन्झा प्रेअरी बायोलॉजिकल स्टेशन. प्रेअरी म्हणजे इथला गवताळ माळ. ३,४८७ हेक्टर जमीन, मालकी नेचर कॉन्झर्व्हन्सी या निसर्गसंवर्धन संस्थेची आणि विद्यापीठाची, चालवतो विद्यापीठाचा जीवशास्त्र विभाग. नाव कान्झा लोकांवरून घेतलेलं. राज्याचं नावही त्यांचंच.

पाहुण्यांसाठी आखलेल्या पायवाटा आहेत. आम्ही सर्वांत लहान, चार किलोमीटरच्या आसपासची धरली. आधी किंग्ज क्रीक नावाचा ओढा, त्याच्या काठाने बर ओकची जुनी झाडं, मधूनच रेडबडची जांभळट गुलाबी फुलं. मग पुलापलीकडे चढ लागतो, झाडी एकाएकी संपते, आणि वर पोचलं की दिसतं ते फक्त गवत आणि आभाळ.

टेकड्या पाहून मी थबकले. पायऱ्या पायऱ्यांच्या, माथा सपाट. बालाघाटच्या रांगा अशाच दिसतात. पण आपल्याकडे त्या लाव्हाच्या थरांच्या, इथे समुद्राच्या तळाच्या. साधारण २८ कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. चुनखडी आणि चिकणगाळाचे थर एकावर एक बसले. चिकणगाळ झिजला, चुनखडी उरली, त्यातून पायऱ्या झाल्या. चुनखडीत गारगोटीसारखा चर्ट दगड ठासून भरलेला आहे. १८०६ मध्ये झेब्युलॉन पाइक या सैनिकी प्रवाशाने त्यावरूनच या टेकड्यांना फ्लिंट हिल्स, म्हणजे गारगोटीच्या टेकड्या, म्हटलं.

या दगडानेच माळ वाचवला. उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी उंच गवताचा हा पट्टा एके काळी सुमारे ६ कोटी ८० लाख हेक्टर पसरलेला होता. माती काळी आणि खोल, म्हणजे नांगराला आमंत्रणच. १८३७ मध्ये जॉन डीअरने पोलादी फाळाचा नांगर काढला आणि पुढच्या काही दशकांत आयोवा, इलिनॉय इथला जवळजवळ सगळा माळ मका-सोयाबीनखाली गेला. आज मूळच्या माळातला सुमारे चार टक्के उरलाय आणि त्यातला मोठा भाग फ्लिंट हिल्समध्ये आहे. इथे फाळ दगडाला लागला म्हणून लोकांनी नांगर ठेवला आणि गुरं चारली.

एप्रिलमध्ये गवत उंच नसतं. गेल्या वर्षीची वाळकी ताटं उभी होती, तांबूस रंगाची, माझ्या खांद्याला लागणारी. लेकीने एक तुरा हातात दिला. तीन बोटांचा. बिग ब्लूस्टेम. मी भिंग काढलं. कणसकांची जोडी, एक बिनदेठाचं, एक देठाचं, कुसळाला पीळ. हे घराणं मी झोपेतही ओळखेन. आपला मारवेल, आपली पवन्या, साडीच्या काठाला रुतणारी आपली कुसळी, सगळी याच गोतातली. ऊस याच गोतातला, ज्वारीही. इथल्या दुसऱ्या मोठ्या गवताचं नाव इंडियनग्रास, त्याच्या शास्त्रीय नावातच ज्वारीचा उल्लेख आहे. सोलापूरची बाई सोळा तास विमानात बसून येते आणि समोर ज्वारीची चुलत भावंडं उभी! मला फार बरं वाटलं. परकं वाटणं तिथेच संपलं.

दर वर्षी साधारण ८३५ मिलिमीटर पाऊस पडतो इथे. एवढ्या पावसात जंगल वाढू शकतं. मग इथे गवतच का? सबंध कॉन्झा याच एका प्रश्नाभोवती उभं आहे.

लॉइड हल्बर्ट नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने हा प्रश्न धरून ठेवला. १९७१ मध्ये पहिला तुकडा मिळाला. कॅथरीन ऑर्डवे यांच्या देणगीतून १९७७ मध्ये शेजारचं मोठं कुरण आलं. हल्बर्टने जमिनीची वाटणी कुंपणांनी केली नाही, पाणलोटांनी केली. जिथलं पाणी एका ओहोळाला मिळतं तो एक तुकडा. असे पन्नासहून जास्त तुकडे. काही दर वर्षी जाळायचे, काही दोन वर्षांनी, काही चार वर्षांनी, काही वीस वर्षांनी. काहींत बायसन, म्हणजे अमेरिकेतले केसाळ रानबैल, काहींत गुरं, काहींत कुणीच नाही. १९८० मध्ये अमेरिकेत दीर्घकालीन परिसंस्था अभ्यासाची जी पहिली सहा ठिकाणं निवडली, त्यांत कॉन्झा होतं. तेव्हापासून हे वेळापत्रक चालू आहे. माणसं निवृत्त झाली, हल्बर्ट गेले, पण चार वर्षांचा तुकडा चार वर्षांनीच जळतो.

टेकडीवरून हे डोळ्यांना सरळ दिसतं, समजावून सांगावं लागत नाही. डावीकडचा उतार नुकताच जळलेला, काळा कुळकुळीत, मधून पांढरे दगड दातांसारखे वर आलेले. त्याला लागून, फक्त कापलेल्या गवताच्या जाळरेषेच्या पलीकडे, पिवळट गवत. त्यापलीकडचा एक तुकडा करडा आणि झुडपांनी भरलेला. माती एकच, पाऊस एकच. फरक फक्त कधी जळलं याचा.

उतरताना पायाला दोन गोचिडी लागल्या. लेकीने चिमट्याने काढल्या आणि तारखेसकट वहीत लिहिल्या. मी हसले, तर म्हणाली, "इथे सगळंच लिहितात."

तिसरा दिवस

पहाटे चारला उठून, अंधारात, एका पक्षीनिरीक्षकांच्या गाडीतून शेजारच्या कुरणावर. उंचवट्यावर लाकडी लपण होतं. कडाक्याची थंडी, शालीवर शाल. बोलायचं नाही, हलायचं नाही.

उजाडायच्या आधी आवाज सुरू झाला. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर कुणी फुंकर घालावी तसा, पण खोल आणि लांब. एक, मग चार, मग मोजता येईनात. उजेड आला तसे प्रेअरी चिकनचे नर दिसू लागले. कोंबडीएवढा पक्षी, अंगभर तपकिरी पट्टे. मानेवरची पिसं कानांसारखी उभी, गळ्याच्या दोन्ही बाजूंना नारिंगी पिशव्या फुगलेल्या. पायांनी जमीन इतक्या जलद बडवतात की दिसत नाही, फक्त ऐकू येतं. प्रत्येकाची जागा ठरलेली, दुसरा हद्दीत आला की दोघं उडी मारून भिडतात. माद्या कडेकडेने शांतपणे चालत होत्या. वर्षानुवर्षं हे पक्षी त्याच उंचवट्यावर येतात, आणि गवत जिथे आखूड आहे अशीच जागा निवडतात.

मला नान्नज आठवलं. सोलापूरजवळच्या त्या माळावर माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं. विद्यार्थ्यांना घेऊन मी तिथे गेले आहे, गळ्याची पिशवी फुगवून उभा असलेला नर लांबून पाहिला आहे. ती वर्षं गेली. आता तिथे एखादा माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. लपणात बसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, थंडीमुळे नव्हे.

परतताना त्या निरीक्षकांनी एक गोष्ट सांगितली, ती मी दिवसभर घोळवत राहिले. या कोंबड्यांना नाचायला आखूड गवत लागतं, पण अंडी घालायला गेल्या वर्षीचं उभं, दाट गवत लागतं. फ्लिंट हिल्समध्ये बरेच गुरंवाले सबंध कुरण दर वसंतात जाळतात, कारण जळलेल्या जागेचं कोवळं गवत खाऊन गुरांचं वजन लवकर भरतं. मग मैलोन्मैल घरट्याला आडोसाच राहत नाही. उलट, आग कधीच लावली नाही तर झाडं चढतात आणि पक्षी ती जागा सोडून जातो. म्हणून आता काही जण कुरणाचा एक तृतीयांश भाग जाळतात, दर वर्षी वेगळा. मला वाटलं होतं इथे मला आगीच्या बाजूचे आणि विरुद्धचे लोक भेटतील. भेटली ती आगीचा हिशोब ठेवणारी माणसं.

दुपारी एक तुकडा जाळायचा होता. वारा जास्त निघाला, रद्द झालं. लेक चिडली नाही. ठरलेल्या मर्यादेत वारा आणि हवेतला दमटपणा नसेल तर काडी लावायचीच नाही, हा नियम आहे. मी सुटकेचा श्वास सोडला, तो तिने पाहिला.

मग तिने प्रयोगशाळेच्या कोठारात नेलं. कागदी पिशव्यांच्या उतरंडी. प्रत्येक पिशवीत वीस सेंटिमीटर रुंद आणि पन्नास सेंटिमीटर लांब चौकटीतलं सगळं गवत, जमिनीलगत कापलेलं. गवत वेगळं, रानफुलं वेगळी, गेल्या वर्षीचं वाळकं वेगळं. वाळवून वजन करायचं. दर वर्षी हंगामाच्या शेवटी, शेकडो चौकटी. याशिवाय दहा चौरस मीटरची कायमची गोल वर्तुळं आहेत, ज्यांत हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी कोणती वनस्पती किती जागा व्यापते ते नोंदवतात. वर्तुळाच्या मध्याला लोखंडी खुंटी. चाळीस वर्षांपूर्वी जिने तिथे गुडघे टेकले असतील ती आज आजी असेल. तिच्या नोंदींखाली पुढच्या नोंदी. उंदरांच्या, नाकतोड्यांच्या, पक्ष्यांच्या, ओढ्याच्या पाण्याच्याही अशाच माळा. हे आकडे सगळ्या जगाला खुले आहेत.

रात्री मला नीट झोप लागली नाही. मी तीस वर्षांत किती सहली नेल्या. प्रत्येक सहलीत एक चौरस मीटरची चौकट टाकली, मुलांकडून झाडं मोजून घेतली, जर्नलवर सही केली. त्या चौकटीपाशी दुसऱ्या वर्षी मी एकदाही परत गेले नाही. एकाही.

चौथा दिवस

आज वारा ताशी सात-आठ मैलांचा, दक्षिणेकडून. अकरा वाजता हो म्हणाले.

मला रस्त्यापलीकडे, आधीच जळलेल्या जागेवर उभं केलं. काळं म्हणजे सुरक्षित, असा इथला पहिला धडा. जे जळून गेलंय ते पुन्हा जळत नाही. लेक समोरच्या बाजूला होती. आगीला दाद न देणाऱ्या कापडाचा पिवळा सदरा, चामडी हातमोजे, बूट, डोक्यावर शिरस्त्राण. हातात ड्रिप टॉर्च, म्हणजे डिझेल आणि पेट्रोलच्या मिश्रणाची झारी, जिच्या तोंडाशी वात पेटलेली असते. वाकवली की जळते थेंब पडतात. मागे छोट्या गाडीवर पाण्याची टाकी आणि पंप, दोघांच्या हातात रबरी झापड लावलेल्या लांब काठ्या.

मला वाटलं होतं की वाऱ्याच्या मागून काडी लावतील आणि सगळं सुटेल. तसं नाही. वारा ज्या दिशेला जातो त्या टोकाला आधी पेटवतात. ही आग वाऱ्याविरुद्ध मागे सरकते, गुडघ्याएवढी, हळू, जवळजवळ आज्ञाधारक. ती जाळरेषेच्या आत काळा पट्टा तयार करते. तो पुरेसा रुंद झाला की दोन्ही बाजूंनी आग पुढे नेतात. हे सगळं व्हायला तास-दीड तास गेला. माणसं चालत होती, थांबत होती, वॉकीटॉकीवर बोलत होती. घाई कुणालाच नव्हती.

आणि मग शेवटी वाऱ्याच्या बाजूने ओळ ओढली.

तो आवाज मी विसरणार नाही. पत्र्यावर वळवाचा पाऊस कोसळावा तसा. ज्वाळा माणसाच्या दुप्पट उंच झाल्या, वाऱ्याने वाकल्या, सगळा उतार काही मिनिटांत पार करून त्या आधीच्या काळ्या पट्ट्याला येऊन भिडल्या आणि विझल्या. तिथे खायला काहीच नव्हतं. धुराच्या कडेला दोन ससाणे घिरट्या घालत होते, पळणारे उंदीर-टोळ टिपायला. मी ओठ घट्ट मिटून उभी होते. धुरातून पिवळा सदरा दिसला, मग दिसेना, मग पुन्हा दिसला. लेकीने हात वर केला. मी पण केला.

ती काजळलेल्या तोंडाने आली तेव्हा मी तिला जवळ घेतलं आणि मामीच्या गंजींबद्दल पहिल्यांदाच सांगितलं. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "आई, त्या दिवशी जाळरेषा कुणी काढली होती का?" नव्हती. वाऱ्याकडे कुणी पाहिलं होतं का? नाही. एवढंच विचारून ती गप्प राहिली.

आगीने नक्की काय होतं, हे तिने त्याच जागी बसून सांगितलं. ही गवतं जमिनीखाली जगतात. बिग ब्लूस्टेमची मुळं दोन मीटर आणि त्याहून खोल जातात. नव्या धुमाऱ्यांचे डोळे मातीखाली असतात, तिथे आगीची धग फारशी पोचत नाही. कॉन्झावर मोजलं तेव्हा दिसलं की दर वर्षी वर येणाऱ्या फुटव्यांपैकी ९९ टक्क्यांहून जास्त या डोळ्यांतून येतात, बियांतून जवळजवळ नाहीच. आपल्या उसाच्या खोडव्यासारखं. आग वाळक्या पाचटाचं पांघरूण काढते. सूर्य थेट मातीला लागतो, काळी माती लवकर तापते, कोंबाला उजेड मिळतो. पण पाचटातला नत्र धुरासोबत उडून जातो. दर वर्षी जाळत राहिलं की कमी नत्रात भागवणारी मोठी गवतंच उरतात आणि रानफुलं मागे पडतात. म्हणजे दर वर्षी जाळलेला माळ हिरवागार आणि उंच, पण फुलांना गरीब.

आणि न जाळलेला? त्याचं उत्तर शेजारीच होतं. डॉगवुड नावाचं झुडूप एका मुळावरून पसरतं, गोल बेटं करतं. बेटाच्या आत सावली, सावलीत गवत नाही, गवत नाही म्हणून आग आत शिरत नाही. एकदा बेट मोठं झालं की नंतर कितीही जाळा, ते फक्त कडेने भाजतं आणि पुन्हा फुटतं. चार वर्षांनी जाळलेल्या तुकड्यांतसुद्धा ही बेटं वाढताहेत. रेड सीडर हे झाड मात्र भाजलं की पुन्हा फुटत नाही, म्हणून ते फक्त आग नसलेल्या जागी माजतं. झुडपांची मुळं खोलवरचं पाणी ओढतात. गेल्या काही दशकांत पाऊस कमी झालेला नसताना किंग्ज क्रीकचं वाहणं घटलंय, त्यामागे संशोधक ही वाढती झुडपं पाहतात. झाडं वाढली की पाणी वाढतं, असं मी वर्गात किती सहज सांगत असे!

एक गोष्ट इथेच नोंदवते. हे वाचून कुणी आपल्याकडचा डोंगर पेटवू नये. इथे आग लावतात ती गवत फुटायच्या जेमतेम आधी, काही दिवसांत जमीन झाकली जाते. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगर जळतात आणि माती जूनपर्यंत उघडी राहते, पहिल्याच पावसात वाहून जाते. सह्याद्रीच्या उतारांवर गवतासोबत जंगलाची रोपंही मरतात. कॉन्झाचं वेळापत्रक सोलापूरला लागू पडणार नाही, मराठवाड्यालाही नाही. सोलापूरचं सोलापूरलाच मोजावं लागेल.

पाचवा दिवस

गाडीने दक्षिणेला, १७७ क्रमांकाच्या राज्यमार्गाने. दोन्हीकडे टेकड्या, काही काळ्या, काही पिवळ्या, काहींवर हिरवी लव. वाटेत काउन्सिल ग्रोव्ह. त्याच्या जवळ काव, म्हणजेच कान्झा लोकांचं स्मृतिस्थळ आहे. १८७३ मध्ये त्यांना इथून हलवून आजच्या ओक्लाहोमात पाठवलं. २००० मध्ये काव राष्ट्राने स्वतःच्या पूर्वीच्या भूमीतला हा तुकडा विकत घेतला. त्यांची पवित्र लाल शिळा अनेक दशकं लॉरेन्स शहरात स्मारक म्हणून उभी केलेली होती, ती आता इथे परत आली आहे. आम्ही तिच्यापाशी गप्प उभ्या राहिलो. या माळावर शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी माणसं आग लावत होती, शिकारीसाठी, बायसन कोवळ्या गवताकडे यावेत म्हणून. विजेनेही लागत असे, पण बहुतेक माणसांच्या हाताने. माळ त्यांच्या हातचा आहे, हे इथे लक्षात येतं.

पुढे स्ट्राँग सिटीजवळ टॉलग्रास प्रेअरी नॅशनल प्रिझर्व्ह. १९९६ मध्ये स्थापन झालेलं, सुमारे ४,४०० हेक्टरचं. २००९ मध्ये विंड केव्ह राष्ट्रीय उद्यानातून तेरा बायसन इथे आणले, आता कळप मोठा आहे. पायवाट त्यांच्या कुरणातूनच जाते. शंभर मीटरहून जवळ जायचं नाही.

बायसन म्हणजे आपला गवा नव्हे. पुढचा भाग प्रचंड, मागचा निमुळता, मानेवर गोधडी टाकल्यासारखे केस. सगळे नुकत्याच जळलेल्या जागेवर होते, जिथे गवत जेमतेम बोटभर. शेजारी गुडघाभर वाळकं गवत असून तिकडे एकही नाही. दोन वासरं, नारिंगी रंगाची, आईच्या पोटाखाली. एक मोठा नर मातीत लोळला, धूळ उडाली. लोळून लोळून झालेले बशीसारखे खड्डे सगळीकडे आहेत. पावसात त्यांत पाणी साठतं आणि आजूबाजूला नसलेल्या वनस्पती तिथे उगवतात.

कॉन्झावर बायसन १९८७ मध्ये आले, आज तीनशेच्या आसपास आहेत, सुमारे हजार हेक्टरवर. ते गवत खातात आणि बहुतेक रानफुलं सोडतात. जे गवत सगळ्यांना झाकून टाकतं, तेच ते कमी करतात. जवळजवळ तीस वर्षांच्या नोंदी एकत्र करून २०२२ मध्ये निष्कर्ष छापला गेला. बायसन असलेल्या जागी देशी वनस्पतींच्या जातींची संख्या दुप्पट झाली. गुरं असलेल्या जागीही वाढली, पण कमी. मधल्या कडक दुष्काळानंतरही ही वाढ टिकली. हे पाच वर्षांत दिसलं नसतं. दहा वर्षांतही अर्धवट दिसलं असतं.

परतीच्या वाटेवर एक लांबलचक शीळ ऐकू आली, चढत जाऊन उतरणारी. अपलँड सँडपायपर. हिवाळा अर्जेंटिनाच्या गवताळ मैदानांत काढून तो नुकताच आला होता. कुंपणाच्या खांबावर उतरला, पंख क्षणभर उंच धरले, मग मिटले. आम्ही गाडी बंद करून ऐकत बसलो. जावई मागून फोन करत राहिले, जेवायला कधी येताय म्हणून.

सहावा दिवस

दुपारी विमान. सकाळी पुन्हा कॉन्झा, मीच म्हटलं. पायवाटेच्या कडेला एक तुकडा दीड आठवड्यापूर्वी जळला होता. लांबून काळा. वाकल्यावर हिरवा. प्रत्येक जळक्या ठोंबातून सुईसारखी पाती, टोकं किंचित जांभळी, काल-परवा फुटलेली. दोन ठोंबांमध्ये ग्राउंड प्लमचं फूल, आमच्या हरभऱ्याच्या कुळातलं. राख बोटाला लागली, तिला वास नव्हता.

लेकीने पाठीवरच्या पिशवीतून चौकट काढली. वीस बाय पन्नास. पायवाटेच्या कडेला, प्रयोगाच्या हद्दीबाहेर, ठेवली. म्हणाली, "घरी घेऊन जा ही. माझ्याकडे दुसरी आहे."

मी विचारलं, खुंटी कशी ठोकतात, जमिनीत किती खोल, चोरीला जाऊ नये म्हणून काय करतात. ती सांगत राहिली. मामाच्या गावाजवळचं गायरान अजून गायरान आहे. सरकारी नकाशात ते पडीक आहे. मारवेल आहे, कुसळी आहे, धनगरांच्या मेंढ्या येतात. पावसाळा दीड महिन्यावर आहे.

मग मी गुडघे टेकले आणि चौकटीतले कोंब मोजले. पुन्हा मोजले, आकडा वेगळा आला. एका ठोंबात दोन पाती एकमेकांना चिकटून होती, ती मी एकच धरली होती. भिंग पुसलं आणि तिसऱ्यांदा सुरुवात केली.